एकाच नावात दोघी

मी अक्षरं शिकले ती एका फळीवरून.
चर्चमागच्या गवतात ओकची फळी,
बापानं चाकूनं कोरलेली:
मेहिटेबल स्ट्रॉड, वय सात.
खाली काहीच पुरलेलं नव्हतं.
सापडली ती फक्त अक्रोडांची टोपली, अर्धी भरलेली,
आणि शेताच्या कडेला चिखलात
मऊ तळव्यांचे ठसे, उत्तरेकडे गेलेले.

दीड वर्षानं मी जन्मले.
आईनं नवं नाव शोधलं नाही.
पाळणा तिचा, लोकरी झगा तिचा,
तेच नावही माझ्या अंगावर घातलं, टाके घालून जरा आवळलं.
फेनविक्स लँडिंगमध्ये याचं कुणाला काही वाटलं नाही.
ओहायोच्या काठी तेव्हा कुणीच काही वाया घालवत नसे,
मेलेल्यांची नावं तर नाहीच.

मी चोवीस वर्षांची असताना,
अक्रोड पडायला लागले होते त्या दिवसांत,
धक्क्याला भूर्जसालीची नाव लागली.
पुढे इझिडोर पेल्तिए, कातड्यांचा व्यापारी, दुभाषा.
मागे एक बाई, मांडीवर वल्हं आडवं.
रापलेली. डोळे मात्र बापाचे,
डावा किंचित तिरळा.
"मेहिटेबल!" आई ओरडली, धावली.
सवयीनं मी ओ दिली.
ती गप्प बसून होती,
तिच्या नावात दुसरीच कुणी बसली होती.

नऊ दिवस गावानं तिला नावं ठेवली:
जमिनीवर झोपते, बूट हातात घेऊन चालते,
प्रार्थनेत डोळे उघडे ठेवते.
तिनं आणलेले काळे, लांबट रानभाताचे दाणे
आईनं कोंबड्यांपुढे टाकले. मुद्दाम नाही. तिला वाटलं, त्यांच्यासाठीच.

पाद्र्याच्या बायकोनं विचारलं, "त्यांनी तुला मारलं का गं?"
तिनं बराच वेळ आठवून पाहिलं.
"पहिल्या हिवाळ्यात.
मग एका बाईनं मला घरात घेतलं.
तिची मुलगी देवीत गेली होती.
मुलीचे जोडे मला मोठे व्हायचे,
ती आत गवत कोंबून द्यायची."
सगळ्या बायका आपापल्या शिवणात पाहू लागल्या.
मी झग्याची शिवण चाचपली,
जुने टाके तिथे अजून लागत होते.

आठव्या दिवशी मी तिला फळीपाशी नेलं.
वाचून दाखवलं. पेल्तिएनं तिच्या बोलीत सांगितलं.
"इथे कोण आहे?"
कुणी नाही.
"मग नाव कुणाचं?"
तुझं, मी म्हटलं. आणि माझं.
ती हसली, तोंडावर हात धरून,
मग माझं मनगट धरलं आणि एक शब्द म्हणाली:
नीयावेन.
पेल्तिएनं टोपी मागे सारली.
"इंग्रजीत नाही हा. माझं नाव जिला दिलंय, ती.
पण त्याच्या पोटात 'माझं शरीर' आहे,
ते मला वेगळं काढता येत नाही."

वर सरोवरापाशी तिची तीन मुलं होती,
पाणी गोठायच्या आत पोचायचं होतं.
आईनं वल्हं लपवलं.
पिठाच्या पिंपामागे. मला माहीत होतं,
घरात लपवायला जागा ती एकच.
पहाटे मी ते धक्क्यावर नेऊन दिलं,
दांड्याला पीठ लागलेलं,
तिच्या बोटांवर अक्रोडाच्या सालींचे काळे डाग.

आई ख्रिसमसपर्यंत माझ्याशी बोलली नाही.
मग एका संध्याकाळी चुलीपाशून हाक आली:
मेहिटेबल.
कुणाला, ते तिचं तिला माहीत.
मी ओ दिली.

फळी उपटून जाळू या, असं बाप म्हणत होता.
राहू दे, म्हटलं.
लाकूड चांगलं आहे. अक्षरं तीच चालतील.
तेवढं वय बदलावं लागेल.